पाटणचा पटोळा आणि जालन्याची सातशे घरे

शंभर रुपयांची फिकट जांभळी नोट २०१८ साली चलनात आली. तिच्या मागच्या बाजूस एका विहिरीचे चित्र आहे. व्यापारी कुटुंबांच्या हातांतून ही नोट दिवसातून दहा वेळा जाते. ते चित्र मात्र क्वचितच कोणी निरखून पाहिले असेल. ती उत्तर गुजरातमधील पाटणची ‘राणी की वाव’ होय. सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने अकराव्या शतकात ही पायऱ्यांची विहीर बांधवली. पुढे कित्येक शतके ती सरस्वती नदीच्या गाळाखाली बुजून राहिली, आणि २०१४ साली तिची नोंद जागतिक वारसा यादीत झाली. विहिरीत उतरताना मूर्तींच्या मधल्या भागात चौकटींची, जाळीची भूमितीय नक्षी दिसते. स्थानिक वाटाडे तिच्याकडे बोट दाखवून सांगतात की, ही पटोळ्याची भात आहे. भात म्हणजे गुजरातीत नक्षी.

दगडात ती आधी आली की रेशमात, हा वाद सोडून द्यावा. ती नक्षी रेशमात आजही उमटते, आणि कशी उमटते हे वावेपासून थोड्याच अंतरावर कोणालाही पाहता येते. वावेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सालवी कुटुंबाने आपल्या विणकामाचे संग्रहालय २०१४ मध्ये उभे केले. थोडे प्रवेशशुल्क भरून आत गेले की एका दालनात जुनी वस्त्रे, देशोदेशीचे नमुने आणि दुसरीकडे प्रत्यक्ष चालू असलेला माग, असा तेथील थाट आहे. विणणारे हात आणि पाहणारे डोळे यांच्यात चार-पाच फुटांचेच अंतर असते. घरातलीच माणसे माहिती सांगतात.

येणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की नक्षी मागावर तयार होते. महाराष्ट्रातून गेलेल्यांची तर हमखास, कारण आपल्याला पैठणी माहीत असते. पैठणीच्या पदरावरचा मोर विणकर मागावर बसूनच, वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवत, विणीतून उभा करतो. पटोळ्यात मागावर बसण्यापूर्वीच नक्षी तयार झालेली असते. ती सुट्या धाग्यांवर असते. आठ पदरांचा पीळ दिलेला रेशमी धागा आधी ताण्यासाठी व बाण्यासाठी, म्हणजे उभ्या व आडव्या धाग्यांसाठी, नेमक्या लांबीत मांडला जातो. कागदावरच्या चौकटींप्रमाणे त्यावर कोळशाच्या रेघांनी खुणा होतात. मग ज्या ठिकाणी रंग लागू द्यायचा नाही तेथे सुती दोऱ्याने घट्ट गाठी बांधल्या जातात आणि धाग्यांची लड रंगाच्या भांड्यात बुडवली जाते. वाळल्यावर काही गाठी सोडायच्या, काही नव्या बांधायच्या, पुन्हा दुसरा रंग. लाल, पिवळा, हिरवा, निळा, काळपट – जेवढे रंग तेवढ्या वेळा हे बांधणे-सोडणे चालते. आणि हे सर्व ताण्यावर एकदा व बाण्यावर एकदा, स्वतंत्रपणे करावे लागते. हत्तीच्या सोंडेचा अर्धा रंग उभ्या धाग्यावर असतो, अर्धा आडव्या धाग्यावर. दोन्ही मागावर एकाच बिंदूत भेटले तरच सोंड सोंडेसारखी दिसते.

जगात अशा पद्धतीला ‘इकत’ म्हणतात. तो शब्द मलय-इंडोनेशियन भाषेतला, ‘बांधणे’ या अर्थाचा. एकाच बाजूचे धागे बांधून रंगवणारे प्रदेश पुष्कळ आहेत. दोन्ही बाजू बांधून रंगवणारे मात्र थोडे: आपल्याकडे पाटण आणि तेलंगण-आंध्राचा काही भाग, इंडोनेशियात बालीमधील तेंगानान हे एक गाव, आणि जपान.

माग पाहून प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या साधेपणाचे. बांबू, लाकडी पट्ट्या, दोऱ्या. खाली पावड्या नाहीत, वर यंत्र नाही. तो एका बाजूला कललेला असतो. दोन माणसे शेजारी बसून विणतात. शिसवी लाकडाची तलवारीच्या आकाराची एक पट्टी असते, तिला ‘वी’ म्हणतात. आडवा धागा घातला की तिने ठोकून बसवायचा. प्रत्येक धागा घातल्यावर दोघांचे डोळे एकाच जागी जातात, रंगाला रंग मिळाला की नाही ते पाहण्यासाठी. केसभर सरकला असेल तर ओढून नीट करायचा. काही इंच विणून झाले की ताण सैल करून सुईच्या टोकाने एकेक उभा धागा पुन्हा जागेवर आणायचा. या जुळवाजुळवीत जाणारा वेळ विणण्यापेक्षा कमी नसतो. दिवसाकाठी दोघांच्या हातून आठ-नऊ इंच कापड उतरते.

येथे थोडा हिशेब मांडणे अनाठायी होणार नाही. एका साडीला बांधणी, रंगाई आणि विणाई मिळून चार-पाच माणसांचे पाच ते सात महिने लागतात, असे सालवी कुटुंबे सांगतात. सर्वांत कमी धरले तरी चार माणसे गुणिले पाच महिने, म्हणजे वीस मनुष्य-महिने झाले. साडी दोन लाखांना विकली असे समजू. भागाकार केला तर माणशी महिना दहा हजार रुपये येतात. आणि त्यातून रेशीम, रंग, जागा, पाच महिने अडकून पडलेल्या भांडवलाचे व्याज हे सगळे वजा व्हायचे आहे. सात महिने आणि पाच माणसे धरली तर तोच आकडा सहा हजारांच्याही खाली घसरतो. पाटणचा पटोळा दीड-दोन लाखांपासून सुरू होऊन कित्येक लाखांवर जातो हे ऐकून गिऱ्हाइकाच्या भुवया उंचावतात. पण ज्याने आयुष्यभर ताळेबंद पाहिले आहेत त्याला प्रश्न उलटाच पडतो. या किमतीला तो परवडतो तरी कसा? उत्तर एवढेच की घरातली माणसे स्वतःच्या मजुरीचा हिशेब मांडत नाहीत.

आता जालन्याची गोष्ट. पाटणच्या सालवींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज मूळचे जालन्याचे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातले. बाराव्या शतकात पाटणच्या गादीवर कुमारपाळ होता. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचा शिष्य, परमार्हत म्हणून ज्याचा गौरव झाला तो राजा. तो दररोज जिनपूजेसाठी नवा, न वापरलेला पटोळा नेसत असे आणि ही वस्त्रे दक्षिणेतून जालन्याहून येत. एके दिवशी राजाच्या कानावर आले की जालन्याचा राजा ही वस्त्रे प्रथम स्वतः अंथरून वापरतो आणि मग परराज्यात विकतो. वापरलेले वस्त्र पूजेला कसे चालेल? कुमारपाळाने स्वारी केली आणि सातशे सालवी कुटुंबे पाटणला आणून वसवली. यांतील काही घराणी जैन धर्म पाळीत आली, असेही परंपरा सांगते. पाटणात सालवीवाडा आजही आहे.

सातशे हा आकडा शब्दशः घ्यावा असे नाही. लोककथांतले आकडे बहुधा गोलच असतात. स्वारी खरी की आमंत्रण, हेही कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण धागे बांधून रंगवण्याची कला दख्खनला फार जुन्या काळापासून परिचित असावी, असे मानायला एक आधार जालन्याच्या जवळच सापडतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील काही आकृतींच्या अंगावरील वस्त्रांत अशा विणीसारखी नक्षी दिसते, असे वस्त्रांचे अभ्यासक सांगत आले आहेत. जालन्यात आज पटोळा विणणारे कोणी नाही. शहर ओळखले जाते ते लोखंडाच्या कारखान्यांसाठी आणि बियाण्यांच्या कंपन्यांसाठी. गंमत अशी की रेशीम मात्र दुसऱ्या वाटेने तेथे परतले आहे. मराठवाड्यातील शेतकरी तुती लावू लागले आणि जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांचा बाजार भरू लागला. विणकर गेले आणि साडेआठशे वर्षांनी कोष आले.

कोष म्हटले की जैन वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. कुमारपाळाची कीर्ती पटोळ्यामुळे नाही, अमारीघोषणेमुळे आहे. त्याने राज्यात प्राण्यांच्या हत्येस बंदी केली. एका सावकाराने ऊ मारली म्हणून त्याच्या द्रव्यातून ‘यूकाविहार’ नावाचे मंदिर बांधवले गेले, अशी कथा प्रबंधांत आहे. उवेच्या जिवासाठी मंदिर बांधवणारा राजा रोज नवे रेशीम नेसत होता, आणि रेशमाचा धागा मिळतो तो कोषातील जीव उकळत्या पाण्यात मारून. एका साडीमागे असे हजारो जीव जातात.

त्या काळी रेशीम हे पवित्र वस्त्र मानले जाई. ते सोवळ्यासारखे, धुतल्यावाचूनही शुद्ध. कोष कसा उकलला जातो हे पाटणच्या राजवाड्यात किती जणांना ठाऊक होते, कोण जाणे. आजच्या घरांना ती सोय उरलेली नाही. अनेक साधू-साध्वी भगवंतांनी व्याख्यानांतून रेशमाविरुद्ध सांगितले आहे. पूजेचे वस्त्र सुतीच असावे, असा आग्रह अनेक संघांत दिसतो, तर जुन्या रीतीने रेशमी पूजावस्त्र नेसणारेही आहेत. लग्नाच्या याद्यांतून रेशीम पूर्णपणे गेलेले नाही, हेही खरे. एकाच घरात आजीच्या पेटीत पणजीचा पटोळा जपून ठेवलेला असतो आणि नात म्हणते की मी रेशीम नेसणार नाही. दोघींपैकी कोणाचेच म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आजीसाठी ते वस्त्र म्हणजे सीमंतात, लग्नात, प्रत्येक मंगल प्रसंगी घराण्याच्या अंगावर पडलेला हात आहे. नातीसाठी ते हजारो जीव आहेत. जुना पटोळा जपून वापरण्यात नवी हिंसा होत नाही, आणि नवा विकत घेणे मात्र मागणी वाढवणे होय, असा एक विवेक काही कुटुंबांनी केला आहे. तो तोडगा व्यवहारी आहे. पण त्याने मागावर बसलेल्या माणसाचे पोट भरत नाही.

‘अहिंसा रेशीम’ हा मार्ग काही जण सुचवतात. आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी पतंग कोषातून बाहेर पडू देऊन मग धागा काढण्याच्या पद्धतीवर अनेक वर्षे काम केले व तिचे पेटंट मिळवले. राष्ट्रपती रा. व्यंकटरमण यांच्या पत्नी जानकीदेवी यांनी जीव न मारता केलेली रेशमी साडी मिळेल का, असे विचारले होते, त्यातून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. अडचण धाग्याची आहे. उकळलेल्या कोषातून कित्येकशे मीटर अखंड तंतू निघतो. पतंगाने भोक पाडलेल्या कोषातून तुटके तंतू मिळतात, ते कापसासारखे कातावे लागतात. कातलेला धागा मऊ असतो, पण चकाकी कमी आणि जाडी असमान. ज्या विणीत केसभर फरकाने हत्तीची सोंड तुटते, तेथे असमान धागा ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय असे रेशीम महाग पडते, आणि पटोळ्याचा हिशेब आधीच किती ताणलेला आहे ते वर आलेच आहे.

दुसरा मार्ग सुताचा. येथे पाटणच्या बाहेर पाहावे लागते. तेलंगणातील पुट्टपाका गावात आणि आंध्रातील चिराळ्याच्या परिसरात ‘तेलिया रुमाल’ विणला जाई. पुट्टपाक्यात तो आजही विणला जातो. तो परंपरेने सुती आहे आणि त्यातही ताणा व बाणा दोन्ही बांधूनच रंगवतात. तेल आणि एरंडाच्या बोंडांची राख यांचा हात सुतावर अनेक दिवस देतात, म्हणून तेलिया. बालीच्या तेंगानानमधील ‘गेरिंगसिंग’ वस्त्रही सुतीच असते आणि तेथे ते अनिष्टापासून रक्षण करणारे मानले जाते. तेव्हा दुहेरी बांधणीला रेशीमच हवे असे नाही. ज्या घरांना कला हवी आहे आणि कोष नको आहे, त्यांनी पुट्टपाक्याची वाट एकदा तरी पाहावी.

रंगांतही हा प्रश्न डोकावतो, पण तेथे तो सोपा आहे. गेल्या शतकात पटोळ्यांत रासायनिक रंग आले. पुढे काही सालवींनी हळद, झेंडू, डाळिंबाची साल, कांद्याची साल, कात, मंजिष्ठा, नीळ असे जुने रंग पुन्हा सुरू केले. नैसर्गिक म्हणजे निर्जीवच असे मात्र समजू नये. लाखेचा लाल कीटकांपासून येतो, मंजिष्ठेचा लाल मुळीपासून. लाल कशाचा आहे, असे विचारले तर विणकर सांगतात. विचारणारे थोडे असतात.

पाटणमध्येच ‘मशरू’ नावाचे आणखी एक कापड विणले जाते. वरून रेशमासारखे तुळतुळीत, आतून सुती. नावाचा अर्थ धर्माने मान्य असलेले. रेशमाचा अंगाला स्पर्श नको, अशा मुस्लीम पुरुषांसाठी ते निघाले. रेशीम नेसावे की नेसू नये, हा पेच एकाच गावात दोन धर्मांनी दोन निराळ्या कारणांनी सोडवण्याचा प्रयत्न केला, हे सहज ध्यानात आले म्हणून नोंदवले.

पटोळा केवळ गुजरातच्या पेट्यांत राहिला असता तर सालवींची इतकी कुटुंबे त्यावर जगली नसती. गुजराती व्यापाऱ्यांनी तो समुद्रापार नेला. सुमात्रा, जावा, बाली आणि त्यापलीकडच्या बेटांवर पटोळ्याला राजवस्त्राचा मान होता. मसाल्याच्या व्यापारात त्याचे मोल मोठे होते. सतराव्या शतकात डच कंपनीने हा व्यापार हाती घेतला आणि स्थानिक राजांना खूश ठेवण्यासाठी पटोळे भेट दिले. काही बेटांवर ते आजही कुळाचा ठेवा म्हणून जपले जातात, केवळ विधीच्या वेळी बाहेर काढले जातात. तेथे विशेष आवडलेली नक्षी म्हणजे ‘छाबडी भात’, टोपलीत मांडलेल्या फुलांसारखी. जावातील पेकालोंगान येथील बाटिक कापडावर ‘जलांप्रांग’ नावाची जी नक्षी छापतात तिचे मूळ पटोळ्यात आहे. घरच्या बाजारासाठी निराळ्या भाती होत्या: बाई आणि हत्ती यांची ‘नारीकुंजर’, पिंपळपानांची ‘पान भात’, चौकटींची ‘रतनचौक’, आणि बोहरा समाजासाठी ‘वोहरागजी’. गिऱ्हाइकाचा समाज आणि चाल ओळखून माल काढण्याची ही रीत कोणा व्यापाऱ्याला शिकवावी लागणार नाही. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूलर आणि एबरहार्ड फिशर यांनी १९७९ साली पटोळ्यावर प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही या विषयाचा पाया समजला जातो. आपल्या पेट्यांतल्या वस्त्रांचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हायला बासलपर्यंत जावे लागले, ही गोष्ट अभिमानाची की संकोचाची, ते ज्याचे त्याने ठरवावे.

समुद्रापारचा तो बाजार ओसरला, कंपन्यांचे दिवस गेले, आणि माग एकेक करून थांबले. परंपरेतल्या सातशे घरांपैकी आज पाटणात प्रत्यक्ष पटोळा विणणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. असे असूनही मुंबई, पुणे, सोलापूर, सुरत, कोणत्याही शहरातील साड्यांच्या दुकानात ‘पटोळा’ किंवा ‘पटोला’ मागावा, तो डझनाने समोर येतो. हे गणित जुळत कसे नाही, याचे उत्तर तीन थरांत आहे.

पहिला थर पाटणचा, दुहेरी. दुसरा राजकोटचा. राजकोटच्या राष्ट्रीय शाळेत हे विणकाम शिकवले गेले आणि तेथून ते सौराष्ट्रातील विणकरांच्या घराघरांत गेले. तेथील पटोळा बहुतांशी एकेरी असतो, म्हणजे केवळ आडवे धागे बांधून रंगवलेले. त्यात लबाडी काही नाही. ती प्रामाणिक मेहनत आहे, किंमत पाटणच्या तुलनेत कितीतरी कमी आणि पुष्कळ विणकरांचा संसार तिच्यावर चालतो. तिसरा थर छापील. कृत्रिम धाग्यावर हत्ती-पोपट छापून काही शेकड्यांत मिळणारी साडी. तीही कोणी जाणून घेतली तर हरकत नाही. हरकत आहे ती एका थराचा माल दुसऱ्या थराच्या नावाने विकण्याला.

ओळख कठीण नाही. छापील साडी उलटी केली की रंग फिका दिसतो. दुहेरी पटोळ्याला सुलटी-उलटी बाजूच नसते. दोन्हीकडे नक्षी व रंग तितकेच ठसठशीत. एकेरीतही दोन्ही बाजू सारख्या दिसतात, म्हणून तेथे कडेचे धागे पाहावेत: उभा धागा ओळीने एकाच रंगाचा असेल तर ते काम एकेरी, उभा आणि आडवा दोन्ही धागे आपापल्या लांबीत रंग बदलत गेले असतील तर दुहेरी. नक्षीच्या कडा अगदी कापल्यासारख्या रेखीव असतील तर सावध व्हावे, कारण बांधून रंगवलेल्या धाग्याची कड किंचित पिसाऱ्यासारखी फुटलेली असते. आणि किंमत. दहा-पंधरा हजारांत पाटणचा दुहेरी पटोळा मिळाला असे कोणी सांगत असेल, तर वर मांडलेला मनुष्य-महिन्यांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

‘पाटण पटोळा’ या नावाला २०१३ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. १९९९ चा हा कायदा सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. पाटणबाहेरचा माल त्या नावाने विकणे आता कायद्याने गुन्हा आहे. आपल्या परंपरेत मात्र हा नियम त्याहून फार जुना आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीचा माल घेणे आहे, खोटी वजने-मापे आहेत, आणि शेवटचा ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल खऱ्याच्या भावात खपवणे. प्रतिक्रमणात आपण ज्या दोषांची आलोचना करतो त्यांत हा आहे. कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याला, छापील साडीवर ‘पाटण’ अशी चिठ्ठी लावताना, तो आठवावा. कापड व्यवसायात जैन कुटुंबे किती मोठ्या संख्येने आहेत हे लक्षात घेतले, तर पटोळ्याचे नाव जपले जाईल की नाही याचा निकाल पाटणच्या मागावर जितका लागायचा तितकाच आपल्या दुकानांत लागायचा आहे.

मागावर कोण बसणार, हा प्रश्न वेगळा. सालवी ही विद्या घराबाहेर जाऊ देत नसत. मुलाला आणि सुनेला शिकवायची, मुलीला नाही. ती परक्या घरी जाईल आणि विद्याही जाईल, हा हिशेब. सातशे घरे असताना तो हिशेब कदाचित बरोबर होता. मोजकी घरे उरल्यावर तोच हिशेब गळफास ठरू शकतो. संग्रहालय चालवणाऱ्या कुटुंबात मात्र एक आश्वासक गोष्ट घडली आहे. अभियांत्रिकी, वास्तुरचना असे शिक्षण घेतलेली तरुण पिढी नोकरीचे रस्ते सोडून मागावर येऊन बसली. चौकटींच्या कागदावर नवी भात मांडताना ते शिक्षण वाया जात नाही. त्यांच्याकडे साडीसाठी नाव नोंदवले तर दीर्घकाळ थांबावे लागते. गिऱ्हाइकाची वाण नाही, हातांची आहे. बाकीच्या घरांतून असे किती जण येतील, हे सांगता येत नाही.

जायचे असेल तर कार्तिक पौर्णिमेनंतर, चातुर्मास संपल्यावर जावे. उन्हाळ्यात उत्तर गुजरात भाजून काढतो. अहमदाबादहून पाटण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. जानेवारीत उत्तरायणानंतर गेल्यास वाटेत मोढेराच्या सूर्यमंदिरात भरणारा उत्तरार्ध नृत्यमहोत्सव साधता येतो. मंदिराच्या पार्श्वभूमीवर शास्त्रीय नृत्ये होतात. अहमदाबादेत एक दिवस जास्तीचा असेल तर शाहीबागेतील कॅलिको वस्त्रसंग्रहालय पाहावे. साराभाई या जैन उद्योजक घराण्याने ते १९४९ साली स्थापन केले आणि भारतीय वस्त्रांचा असा संग्रह दुसरीकडे क्वचितच मिळेल. तेथे आगाऊ नोंदणी केल्यावाचून प्रवेश नाही, आणि लहान मुलांना नेता येत नाही.

पाटणात सकाळी पंचासरा पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे. वनराज चावड्याने नगर वसवले तेव्हापासून या प्रतिमेची परंपरा सांगितली जाते. आजचे मंदिर मात्र विसाव्या शतकातले आहे. त्याच परिसरात हेमचंद्राचार्य ज्ञानमंदिर आहे. पाटणच्या भांडारांतील हजारो ताडपत्री व कागदी हस्तलिखिते तेथे सांभाळली आहेत. ज्या आचार्यांच्या व्याकरणाची सिद्धराजाने हत्तीवरून मिरवणूक काढली, त्यांच्या नावाच्या या वास्तूत थोडा वेळ शांत बसण्यासारखे आहे. मग राणी की वाव, आणि तेथून संग्रहालय. दुपारच्या उजेडात माग चालू असतो. मुलांना बरोबर न्यावे आणि विणकरांना प्रश्न विचारू द्यावेत. मोठ्यांपेक्षा मुलेच धाग्यावरचे तुटक ठिपके आधी ओळखतात. परतताना बाजारातून पाटणचे देवडे घ्यावेत. तीनच्या सुमारास निघाले तर सूर्यास्तापूर्वी शंखेश्वरच्या भोजनशाळेत पोचता येते.